पासकी: आपण फसू, ब्राउझर फसत नाही

क्रोममधली पासकी (पासवर्ड न टाकता लॉगिन करायची सोय) बरेच दिवस वापरतोय, आता लिहायला हरकत नाही. लॉगिन झटपट होतं हे खरंय पण त्यासाठी मी हिला मार्क देत नाहीये. साइट खरी का खोटी हे बघायचं काम आपल्या डोळ्यांवरून काढून ब्राउझरवर टाकलंय, माझे सगळे मार्क त्याला.

होतं काय, तुम्ही साइटवर पासकी बनवली की दोन किल्ल्यांची जोडी तयार होते. एक साइटकडे जाते, दुसरी खासगी, ती तुमच्याच पासवर्ड मॅनेजरमध्ये (पासवर्ड, पासकी सांभाळून ठेवणारी सोय). लॉगिनच्या वेळी साइट दरवेळी नवीन काहीतरी आकडे पाठवते, मोबाइल खासगी किल्लीने त्यावर सही करून परत पाठवतो, साइट ती सही ताडून बघते, झालं. बोटाचा ठसा नुसता मोबाइलचं कुलूप उघडायला, तो साइटकडे जातच नाही (आमच्या काकांना हे पटवेपर्यंत दोन चहा झाले, तरी पूर्ण पटलंय असं नाही).

आणि ही किल्ली त्या साइटच्या डोमेनला, म्हणजे वेब पत्त्यातल्या नावाला, बांधलेली असते. म्हणजे ‘आज रात्री वीज कापली जाईल’ किंवा ‘केवायसी अपडेट करा’ असला मेसेज आला, घाईत लिंक दाबली, पान अगदी हुबेहूब बँकेसारखं दिसतंय, तरी पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे असेल तर ब्राउझर तिथं ती पासकी दाखवणारच नाही. ओटीपी आपण फोनवर गोड बोलणाऱ्याला वाचून दाखवतो, पासकीत वाचून दाखवायला काही नसतंच!

अकाउंट निवडणंही सोपंय, युजरनेमच्या खान्यात टॅप केलं की घरचं, ऑफिसचं अशी यादी येते, हवं ते निवडा, बोट लावा. फक्त कोपऱ्यात ‘गुगलने साइन इन करा’ म्हणून जी चौकट उगवते ती ही नव्हे हं, तिथं गुगल तुमची ओळख देतं आणि साइटला तुमचं नाव, ईमेल, फोटो मिळतो.

साइटसाइटचे पासवर्ड टाळायचे असले प्रयोग आधीही झालेत. विंडोज व्हिस्टासोबत मायक्रोसॉफ्टचं कार्डस्पेस आलं होतं, २०११ मध्ये गुंडाळलं. फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं पर्सोना त्याच वर्षी आलं, चांगलं होतं खरंतर, पण साइट्सनी घेतलंच नाही आणि ते २०१६ च्या नोव्हेंबरात बंद. यावेळी पासकी ज्यावर चालते ते वेबऑथन हे स्टँडर्ड २०१९ पासून पक्कं आहे आणि २०२२ मध्ये ॲपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट तिघांनी मिळून पासकीला हो म्हटलं, म्हणून ही टिकेल असं वाटतं.

आता रडगाणं. ॲपलच्या कीचेनमधली (त्यांचा पासवर्ड मॅनेजर) पासकी गुगलच्या मॅनेजरमध्ये आपोआप येत नाही, त्यामुळे घरात अँड्रॉइड आणि आयपॅड दोन्ही असतील तर सरळ दोन पासकी बनवा. दुसऱ्याच्या कंप्युटरवर क्यूआर स्कॅन करून लॉगिन होतं, पण दोन्हीकडे ब्लूटूथ चालू लागतं (फोन खरंच शेजारी आहे ना हे बघायला), आणि ऑफिसच्या जुन्या डेस्कटॉपला ब्लूटूथ कुठलं, बोंबला.

सगळ्यात डोक्यात जातं ते साइट्सचं. एका शॉपिंग साइटवर मी हौसेने पासकी केली, तर तिथं ‘पासवर्ड विसरलात?’ तसंच शिल्लक, आणि नुसत्या एसएमएसवर नवा पासवर्ड मिळतो. मग सिमकार्ड ज्याच्या हातात त्याचं अकाउंट, पासकीचा उपयोग काय? म्हणून एक स्टार कापला, पाचपैकी चार, आणि तो एक पासकीचा नाही, साइटवाल्यांचा.

आणि हो, मॅनेजरमधून पासकी उडवली म्हणजे साइटवरून गेली असं समजू नका, साइटच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये ती नोंद तशीच असते, तिथूनही काढा. आणि सायबर कॅफेत किंवा कुणाच्या लॅपटॉपवर ‘इथे पासकी सेव्ह करू का’ विचारलं तर नाहीच म्हणायचं.