रामटेकची वाट की पवनारची?

नागपूरहून एका दिवसाची सहल काढायची आहे, वाट डोळ्यांना सुखावणारी हवी आणि मधे नेहमीच्या यादीत नसलेली संग्रहालयंही हवीत. अशा वेळी माझ्या मते दोनच रस्ते: उत्तरेला मनसर-रामटेक, नाहीतर वर्ध्याकडे केळझर-पवनार-सेवाग्राम. दोन्हीकडे मी घरच्यांना घेऊन गेलोय. प्राचीन वाकाटक राजांच्या राजधानीचं प्रवरपूरही दोन्ही वाटांवर सांगितलं जातं. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी ते पवनार मानलं. पुढे मनसरला उत्खनन झालं आणि अनेकांचा कौल तिकडे गेला.

रामटेककडे जाताना शहरातच मोतीबागेचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय लागतं. सोबत लहान मुलं असतील तर ती तिथून लवकर निघत नाहीत. पावसाळ्यात गडावरून दिसणारा हिरवा मुलूख आणि जवळचा खिंडसी तलाव, याला तर तोड नाही.

मला खटकतं ते मनसरला. हिडिंबा टेकडीवर विटांचे थर बघत उन्हात चढलो, आणि बाबांनी विचारलं, "अरे, इथली मूर्ती कुठाय?" मी मोबाईलवर फोटो दाखवला, कारण मनसरचा तो देखणा शिव दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बाबांनी फोटो पाहिला, मोबाईल परत दिला आणि उतरायला लागले. इतिहासाची जाण असलेल्याला विटाही पुरतात, हे मान्य. आमच्या घरच्यांना नाही पुरल्या.

पवनारला विनोबांच्या आश्रमात जमीन खणताना शिल्पं निघाली आणि ती आश्रमातच राहिली. भरत-राम भेटीच्या शिल्पासमोर बाबा बराच वेळ उभे होते. ज्या मातीतून ते निघालं ती पायाखाली, आणि शेजारून धाम नदी वाहतेय. पुढे सेवाग्रामच्या बापूकुटीत साप पकडायचा लाकडी चिमटा बघाच. साप मारायचा नाही, धरून लांब सोडायचा, म्हणून तो. वर्ध्याचं मगन संग्रहालय 1938 चं, गांधीजींच्याच हस्ते सुरू झालेलं. तिथल्या चरख्यांपाशी आई अशी रमली की तिला हाक मारून न्यावं लागलं.

मुलं लहान असतील किंवा श्रावण असेल तर रामटेकही चुकीचं ठरणार नाही. घरात वडीलधारे असतील तर मात्र मी पवनारच सांगेन. येताना समृद्धी महामार्गाने आलात तरी चालेल, पण जाताना जुनाच रस्ता धरा. समृद्धीवरून केळझर आणि पवनार दोन्ही हुकतात. आणि वर्ध्याहून गोरसपाक बिस्किटं घ्यायला विसरू नका.