निळ्या बाटलीतलं 'अँटी-क्लोरीन': माझे तेरा मासे गेले, तुमचे जाऊ देऊ नका

लिहायची लाज वाटते, कारण मी काही नवशिकी नाही. 120 लिटरची टाकी मी सहा वर्षं सांभाळते आहे. तरी फसले.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांना मारतो, तो घालवणारं औषध म्हणून एका विक्रेत्याने मला ही निळी बाटली विकली. घरी बनवलेलं, कंपनीच्या औषधापेक्षा कितीतरी तीव्र, क्लोरामाईनही (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) मोडणारं... ही टेप तुम्ही ऐकलेली असेलच. मी 250 मिलीच्या तीन बाटल्या घेतल्या. पावती नाही.

त्याने माझ्यासमोर चाचणी करून दाखवली होती, म्हणून घेतल्या. पहिल्या ग्लासात नळाचं पाणी, त्यात टेस्ट किटचे थेंब (क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं), पाणी पिवळंजर्द. दुसऱ्या ग्लासात पाणी, त्याचं निळं औषध, मग तेच थेंब. रंग नाही. "बघा ताई, तुमच्या डोळ्यांसमोर!" दुसऱ्या ग्लासातलं पाणी नळाचं नव्हतं, मागे ठेवलेल्या बादलीतलं होतं. मी त्याला त्या बादलीत ग्लास बुडवताना पाहिलं. पाहिलं, आणि गप्प बसले! रात्रभर उघडं ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो, हे मी स्वतः दहा जणांना शिकवलेलं आहे.

पुढे चार महिने मीही घरी तेच केलं. दर आठवड्याला 30 लिटर पाणी सवयीने रात्रभर बादल्यांत ठेवायचं आणि सकाळी वरून 15 मिली औषध. मासे मजेत. काम बादल्यांचं आणि कौतुक बाटलीचं. अशा वेळी कुणाला शंका येईल, सांगा?

मग एकदा घाईत 60 लिटर थेट नळाचं भरलं. 30 मिली पुरे होतं, मी 60 टाकलं. अर्ध्या तासात मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. मी मूर्खासारखं आणखी तेच औषध ओतलं. सकाळपर्यंत 12 निऑन टेट्रांपैकी 9 आणि 5 कोरीडोरासपैकी 2 गेले. फिल्टरमधले अमोनिया खाणारे जिवाणूही मेले असणार, कारण तीन दिवसांत अमोनिया चढला आणि आणखी दोन टेट्रा गेले.

किट विकत आणलं ते त्यानंतर. नळाच्या पाण्याचा रंग तक्त्यावर लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या पट्टीशी जुळला. माशांना लिटरमागे मिलिग्रॅमचे काही शतांशही सोसत नाहीत. चौपट निळं औषध घातलं, तरी तेवढंच पिवळं. सोडियम थायोसल्फेटचे, म्हणजे साध्या हायपोचे, दोन खडे टाकले आणि पाणी लगेच स्वच्छ. बशीत त्याचं एक चमचा औषध वाळवलं तर खाली फक्त निळा डाग राहिला.

पाणीपुरवठा कार्यालय म्हणालं, क्लोरीन माणसांसाठी मर्यादेतच आहे. अहो, मी पाण्याची तक्रार करतच नव्हते! ग्राहक तक्रार कक्षात आधी पावती मागितली, मग "मासे जिवंत असल्याचा पुरावा" मागितला, मग दुसऱ्या टेबलावर पाठवलं. दुसऱ्या टेबलावरचा माणूस हसला. "मासेच ना?" तिसऱ्या खेपेला माझा अर्जच सापडेना. पोलिसांकडे गेलेच नाही, तिथे काय ऐकावं लागलं असतं ते कळत होतं. विक्रेत्याचं उत्तर: "डोस कमी पडला असेल."

तेव्हा चाचणी बघायची असेल तर दोन्ही ग्लास तुमच्या हाताने, एकाच नळाखाली भरा. पाणी रात्रभर ठेवणार असाल तर पसरट भांडं घ्या आणि त्यात एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र खडा) सोडा. पण पाण्यात क्लोरामाईन असेल तर हा उपाय चालत नाही. ते असं उडत नाही आणि हायपोने मोडलं की अमोनिया मागे राहतो, त्याला बांधणारं औषध वेगळं लागतं. किट एकूण क्लोरीन, म्हणजे क्लोरामाईनमधलाही, दाखवणारं घ्या. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात. मासे धापा टाकताना दिसले तर आधी हायपो आणि एअर पंप, चौकशी नंतर.

तिसरी बाटली सील न फोडता ठेवली आहे. कक्षाने नमुना मागितला तर द्यायला. अजून कुणी मागितलेला नाही.