साइड व्हीलची एनटॉर्क : पाठ आणि पाय नीट बसवून घेतले, त्याचा अनुभव

माझ्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला, मांडीपर्यंत कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा, असतं. २०१९ मध्ये टीव्हीएस एनटॉर्क १२५ ही स्कूटर घेतली ती मला आवडली म्हणून. घरचे साधी गाडी घे म्हणत होते, पण तिची उचल मला हवी होती. साइड व्हील, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जादा चाकं, लावली, नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत गाडी दाखवून आरसीवर नोंद करून घेतली आणि इंदिरानगर ते पंचवटी शाळेत जाणं-येणं सुरू झालं.

सहा महिन्यांत खांदे भरून यायला लागले. फळ्यावर लिहिताना उजवा हात वर जाईना. गाडीत खोट नव्हती. ती दोन चाकांवर कलण्यासाठी बनवलेली आहे आणि साइड व्हील लावली की कलणं संपतं. वळणावर गाडी सरळ राहते, अंग बाहेर फेकलं जातं आणि ते सावरायला आपण हँडलला लोंबकळतो. त्यात आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात. गाडी सतत डावीकडे ओढते, म्हणजे एक हात सतत ढकलत राहतो. माझा डावा पाय फूटबोर्डवर ठरत नाही, हळूहळू बाहेर पडतो आणि कंबर त्याच्यामागे वाकडी होते.

आधी मी चुकीचंच काम करून घेतलं. एका सीटवाल्याकडे जाऊन दोन इंच जाड, मऊ फोम भरून घेतला. उंची वाढली, उजवा पाय टेकेना आणि मऊ सीटवर अंग जास्तच डुलायला लागलं. दुसऱ्या एकाने हँडल कापून वेल्डिंगने उंच करून देतो म्हटलं. ते मी करू दिलं नाही आणि तुम्हीही करू देऊ नका. हँडलचा जोड सुटला तर धरायला काही उरत नाही.

मग अंबड एमआयडीसीत फॅब्रिकेशन करणारे एक दादा भेटले. मी वहीत मापं काढून नेली होती. गणित शिकवते, सवयच आहे. त्यांनी वही बाजूला ठेवली. "ताई, कॅलिपर घालून गाडीवर बसा आधी. कागदावर कोण बसतं?" मला अर्धा तास बसवून ठेवलं, पाय कुठे घसरतो तिथे खडूने खुणा केल्या. माझ्या मते सगळं काम त्या अर्ध्या तासात झालं.

पहिल्यांदा पाय. डाव्या बाजूला फूटबोर्ड चार इंच बाहेर वाढवला, चेकर प्लेटचा, म्हणजे पाय घसरू नये म्हणून उठावाची नक्षी असलेला, पत्रा लावून. बाहेरच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी आणि टाचेमागे अडणी. साइड व्हीलच्या रेषेबाहेर पत्रा जाता कामा नये, नाहीतर दुभाजकाला घासणार. खर्च १,८०० रुपये. पाय ठरला त्याच दिवशी कंबर सरळ झाली, इतका फरक.

मग पाठ. साइड व्हीलच्या सांगाड्यावरून चौकोनी पाइप वर आणला आणि सीटच्या मध्यावर पाठटेकू बसवला, दोन्ही कडा किंचित पुढे वळवून. वळणावर आता अंग या कडांना टेकतं, हात फक्त वळवायचं काम करतात. मालेगाव स्टँडच्या वळणावर मला हे पहिल्यांदा जाणवलं आणि डोळ्यांत पाणी आलं. पिन काढली की पाठटेकू मागे पडतो, मगच सीट उघडते. पेट्रोलचं झाकण या गाडीला मागे, बाहेरून असल्यामुळे पंपावर काही अडत नाही. ३,५०० रुपये.

शेवटी सीट. जुना फोम काढून कडक फोम, मागच्या बाजूला थोडा उतार. १,४०० रुपये.

त्याच वेळी दादांनी साइड व्हीलची उंचीही तपासली. पहिल्या फिटिंगमध्ये ती जरा खाली बसली होती, त्यामुळे खड्ड्यात मागचं मूळ चाक अधांतरी होऊन जागच्या जागी फिरायचं. ज्यांची गाडी खडीवर नुसतीच गुरगुरते त्यांनी आधी हे बघून घ्या.

खोड्या आहेत. पाठटेकू वर असला की मागे कुणी बसू शकत नाही, भाचीला न्यायचं तर तो काढावा लागतो. पावसाळ्यात शिवणीतून फोममध्ये पाणी गेलं, चार दिवस सीट ओली. आता रेक्झिनखाली जाड प्लॅस्टिक घातलंय. पाइपचे नट दोन महिन्यांनी ढिले झाले होते, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) टाकल्यापासून हलले नाहीत.

गेल्या रविवारी त्र्यंबकेश्वरला जाऊन आले. पूर्वी सातपूर ओलांडलं की थांबावं लागायचं. या वेळी अंजनेरीला थांबले ते डोंगरावर ढग उतरले होते म्हणून.

मी पाच फूट एक इंच आहे. हँडलपासून पाठटेकूपर्यंत २४ इंच ठेवलंय. हे माप तुमच्यासाठी उतरवून घेऊ नका, स्वतः बसून खडूने खुणा करून घ्या. आता डावा आरसा थोडा बाहेर काढायचा आहे. मी मागे सरकल्यापासून त्यात डावं साइड व्हील दिसत नाही.