दहाला अकरा: जुन्या फोर बाय फोर पिकअपबरोबर नऊ महिने

गाडीचं नाव लिहीत नाही. दोष तिचा नाही, आणि ज्याचा आहे त्याच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. सेकंडहँड डिझेल पिकअप, पार्ट-टाइम फोर बाय फोर (एरवी मागचीच दोन चाकं ओढतात, लिव्हर टाकला की चारही), पुढच्या हबला, म्हणजे चाकाच्या मध्याला, हाताने फिरवायचं लॉक; ते लावलं की चाक एक्सलला जोडलं जातं. इंजिन, सीट, एसी यावर बोलत नाही. एसी आहे, एवढं पुरे.

फेब्रुवारीत घेतली ती पाणंदीसाठी. औसा तालुक्यातलं आमचं रान काळं आणि भारी. दोन पाऊस झाले की पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गुडघ्याएवढ्या होतात, साधी पिकअप बांधावरच राहते. उन्हाळाभर मात्र टू-व्हीलमध्येच चालवली आणि भेटेल त्याला कौतुक सांगितलं. मांजरसुंब्याचा घाट भरल्या गाडीनं तिसऱ्यात चढली. ॲव्हरेज १३.२. मेहुण्याला तर मी ॲव्हरेजवरून चिडवलंसुद्धा. त्याचा उल्लेख पुढे येईल.

जुलैत पहिल्यांदा लिव्हर टाकला. चिखलातून गाडी अशी निघाली की शेजारचे बघत राहिले. डांबरावर आल्यावर लिव्हर काढायला गेलो तर निघेना. स्टिअरिंग जड, टायर चुईचुई करायला लागले. दहा फूट रिव्हर्स घेतली तेव्हा खाट्कन सुटला. गॅरेजवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "मालक, फोर बाय फोर म्हणलं की एवढं अडकणारच. कोरड्यावर चालवायचीच नसती."

यात अर्धं खरं आहे, म्हणूनच मी फसलो. वळताना पुढची चाकं मागच्यापेक्षा मोठ्या घेरातून जातात, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर कुठलीही पार्ट-टाइम गाडी वळणावर आखडते. पण माझी सरळ रस्त्यावर आखडत होती. हा फरक तेव्हा लक्षात आला नाही. त्यानं पुढचे टायर झिजलेत म्हणून बदलायला सांगितले, मी बदलले. दोन नवे टायर. हा माझा सगळ्यात महागडा मूर्खपणा, का ते सांगतो.

सप्टेंबरात सोयाबीनची पोती घेऊन पाणंदीतून वर आलो. लिव्हर अडकलेलाच होता, म्हटलं पुढं सुटेल. दोन किलोमीटरवर खालून कटकट, मग धाडकन आवाज. पुढच्या एक्सलला ओढ नेणारा दांडा, म्हणजे जॉइंट शाफ्ट, त्याच्या सांध्यातला फुलीसारखा क्रॉस तुटला होता. मोंढ्यात सौदा चालू आणि मी रस्त्याकडेला पोत्यांवर बसलेलो.

घरी आणल्यावर स्वतः मोजलं. ही एकच गोष्ट कुणीही करावी अशी आहे, खर्च खडूचा. गिअर न्यूट्रल, बाकीच्या चाकांना दगडाचं अडण, हँडब्रेक सोडून मागचं एकच चाक जॅकवर. टायरवर एक रेघ, शाफ्टवर एक रेघ. चाक हातानं पूर्ण दोनदा फिरवायचं. दोनदा अशासाठी की दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असतं, त्यामुळे उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा, एक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचा, एक. शाफ्ट चारपेक्षा थोडा जास्त फिरला. मग लिव्हर टू-व्हीलवर ठेवून, हब लॉक करून पुढचं चाक तसंच फिरवलं. तिथं शाफ्टचे पावणेचारही भरेनात. मला वाटलं मोजायला चुकलो. परत मोजलं. परत तेच.

हाऊसिंग उघडल्यावर दाते मोजले. दोन्ही क्राऊनला ४१. क्राऊनला फिरवणारा शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर म्हणजे टेल पिनियन; मागच्याला १०, पुढच्याला ११. म्हणजे मागे ४.१०, पुढे ३.७३. आधीच्या मालकाच्या हातात कधीतरी मागचा क्राऊन-पिनियनचा संच फुटला आणि कुणीतरी हाताला आला तो बसवून दिला. टू-व्हीलमध्ये पुढचा शाफ्ट मोकळा असतो, त्यामुळे वर्षानुवर्षं कळत नाही. लिव्हर टाकला की ट्रान्सफर केस, म्हणजे ओढ पुढे-मागे वाटणारी पेटी, दोन्ही शाफ्ट एकत्र बांधते, मध्ये सूट द्यायला डिफरन्शियल नाही. शाफ्टचे ४१ फेरे झाले की मागची चाकं १० फेरे घेतात, पुढची ११. किलोमीटरमागे पुढच्यांना १०० मीटर जादा पळायचंय आणि पळायला जागा नाही. चिखलात चाकं घसरून हिशेब मिटवतात. डांबर घसरू देत नाही, मग पीळ शाफ्टात, क्रॉसमध्ये, लिव्हरमध्ये साठतो.

आबा म्हणाले, एक बैल चालीचा नि एक मठ्ठ, असंच की. तसंही नाही. बैल शेजारी असतात, जू तिरकं झालं की कळतं.

आता टायरचं. नवा टायर घेरानं मोठा. आधीच पुढं पळणाऱ्या चाकांना मी पैसे देऊन अजून लांब टांग दिली होती.

गॅरेजवाल्याशी वाद झाला तेव्हा त्यानं ट्रॅक्टरचा दाखला दिला. "ट्रॅक्टरला पुढची चाकं जास्तच पळतेत, तुम्ही उगी मोजायलाव." हेही अर्धं खरं. फोर-व्हील ट्रॅक्टरला पुढची चाकं साधारण १ ते ५ टक्के मुद्दाम पुढे ठेवलेली असतात, पुढच्यांनी ओढावं म्हणून. पण ते नांगरटीसाठी, आणि १० टक्के नव्हे. गाडीत ४.१० ला ४.०९ असली कंपनीचीच जोडी चालून जाते, ४.१० ला ३.७३ नाही.

मग ॲव्हरेजचा उलगडा झाला आणि खरं सांगतो, क्रॉसपेक्षा हे जास्त लागलं. या गाडीत स्पीडोमीटर ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर चालतो. मागे ४.१० म्हणजे शाफ्ट जादा फिरणार आणि मीटर जादा सांगणार. औशाहून तुळजापूरकडे दगड बघत बरोबर २० किलोमीटर गेलो, मीटरनं २२ दाखवले. १३.२ म्हणजे खरे १२. सात महिने मी ऑइलसुद्धा लवकर बदलत होतो. मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.

आधी ठरवलं होतं की मागे ४.१० राहू द्यावं आणि पुढचाच बदलावा, ओढ चांगली म्हणून. पण पुढच्या एक्सलला तो संच मिळेना, आणि मागचा संच या गाडीत पुढे बसत नाही. शेवटी भंगारात मागचाच ४१/११ मिळाला. दुसऱ्या मिस्त्रीनं शिमा (पातळ चकत्या) घालून, दाते कुठं टेकतात ते बघायला रंग लावून चांगला बसवला. ९० नंबरचं नवं ऑइल. आता सरळ रस्त्यावर लिव्हर दोन बोटांनी निघतो. वळणावर अजून आखडते, ते मान्य. घाट मात्र आता भरल्या गाडीला दुसऱ्यात चढावा लागतो, आणि दर चढाला मला त्या चुकीच्या पिनियनची आठवण येते.

जुना संच गोणीत बांधून ठेवलाय. पुढच्या डाव्या हबमधून ऑइल पाझरतं, ते सोयाबीन विकल्यावर बघू.