पेरेंटिंग प्लॅन करून देणारे मध्यस्थी केंद्र: आखणी विचारपूर्वक, मसुदा ढिसाळ

परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचे ठरल्यानंतर आमच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या ताब्याचा प्रश्न दोन वकिलांच्या नोटिशींमध्ये भरडला जाऊ नये, म्हणून मी आणि तिचे वडील पुण्यातील एका खासगी मध्यस्थी केंद्राकडे गेलो. दोघांना मान्य होईल असा पेरेंटिंग प्लॅन, म्हणजे घटस्फोटानंतर मुलाचे संगोपन दोघांनी कसे करायचे याची लेखी आखणी, तयार करणे आणि तो कन्सेंट टर्म्सना (दोघांनी मान्य करून न्यायालयात द्यायच्या घटस्फोटाच्या अटींना) जोडण्याजोगा करून देणे, ही त्यांची सेवा. शुल्क बैठकीगणिक आकारले जाते आणि ते दोघांनी निम्मे-निम्मे भरावे असा त्यांचा आग्रह असतो. तो मला रास्त वाटला, कारण एकानेच पैसे भरले की मध्यस्थ त्याचाच, असा संशय दुसऱ्याच्या मनात घर करून राहतो.

कन्सेंट टर्म्समध्ये ताब्याविषयी पुष्कळदा तीन-चार ओळीच असतात: ताबा आईकडे, वडिलांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी ॲक्सेस (मुलीला भेटण्याचा, सोबत नेण्याचा हक्क), दिवाळीची व उन्हाळ्याची अर्धी सुटी, मुलीच्या पोटगीची रक्कम. त्या ओळी चुकीच्या नसतात, पण पुढची भांडणे त्यांत जे लिहिलेले नसते त्यावरून होतात. येथील मध्यस्थ बाईंनी नेमके तेच विचारायला घेतले. ॲक्सेसच्या शनिवारी तबल्याचा वर्ग असेल तर मुलीला तेथे कोणी न्यायचे, दम्याचा पंप दोन्ही घरी ठेवायचा की दप्तराबरोबर फिरवायचा, शाळेच्या व्हॉट्सॲप गटात दोघांची नावे राहतील का, तिला ताप आला तर ॲक्सेस रद्द धरायचा की वडिलांनी येऊन भेटायचे, अशा प्रश्नांची उत्तरे लिहून घेतल्याशिवाय त्या पुढे सरकत नसत. मुलीला एकमेकांकडे सोपवणे इमारतीच्या फाटकाशी न करता शुक्रवारी शाळा सुटताना करावे, ही त्यांची सूचना मला संपूर्ण प्लॅनमधील सर्वांत उपयुक्त वाटते, कारण त्यामुळे आम्हा दोघांना तिच्यादेखत समोरासमोर यावेच लागत नाही.

सणांच्या वाटपात मात्र केंद्राचे मराठी घरांविषयीचे भान कमी पडले. पहिल्या मसुद्यात सण इंग्रजी तारखांनी वाटून दिले होते. गणेशचतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला आहे, त्यामुळे तो तक्ता वर्षभरातच निकामी झाला असता. आम्ही तो तिथीप्रमाणे आणि शाळेच्या सुट्यांच्या यादीप्रमाणे बदलून घेतला. गौरी तिच्या वडिलांच्या घरी बसतात, तेव्हा आवाहनापासून विसर्जनापर्यंत ती तिकडे, आणि लक्ष्मीपूजन एक वर्षाआड. सर्वांत जास्त वेळ भाऊबिजेने घेतला: मुलीला सख्खा भाऊ नाही, आणि चुलतभाऊ व मामेभाऊ दोघांनाही ती त्याच संध्याकाळी हवी असते.

केंद्रातील समुपदेशक मुलीशी एकटीशी बोलल्या आणि त्या बोलण्याचा एकच लेखी गोषवारा आम्हा दोघांना मिळाला. समंजस वयाच्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते, हे १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यातच आहे. तरीही ‘तुला कोणाकडे राहायचे आहे’ हा प्रश्न त्यांनी तिला थेट विचारला नाही, आणि ते योग्यच केले. पहिल्याच बैठकीआधी आम्हाला वेगवेगळे बसवून घरात मारहाण किंवा धाक होता का, हेही विचारण्यात आले. तसे असते तर समोरासमोर वाटाघाटी करणे अन्यायाचे ठरले असते.

आता तक्रारी. अंतिम मसुदा फक्त इंग्रजीत होता आणि दोन ठिकाणी आमची मुलगी ‘मुलगा’ झाली होती, म्हणजे मजकूर दुसऱ्या कोणाच्या प्लॅनमधून उचललेला होता. मराठी प्रत मागितल्यावर मिळाली, पण उशिरा. बैठकी कामाच्या दिवशी भर दुपारी ठेवतात, आणि दोन्ही पक्षांना एकाच लहानशा खोलीत ताटकळावे लागते, हे तर अशा केंद्राला शोभत नाही.

आणखी एक गोष्ट केंद्राने आरंभीच स्पष्ट करायला हवी होती. प्लॅनवर दोघांच्या सह्या झाल्या म्हणजे काम संपले असे नाही. कन्सेंट टर्म्ससोबत तो कौटुंबिक न्यायालयात जातो, तेथे मुलीचे हित पाहिले जाते, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ नुसार ताब्याचा आदेश पुढेही बदलता येतो. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद सुचवली होती, पण तसा कायदा अद्याप झालेला नाही. त्यामुळे लिहून घेतलेल्या प्रत्येक कलमाला महत्त्व येते. तरीही एका पालकाची बदली झाली किंवा त्याला परदेशी जावे लागले तर काय, यावर केंद्राच्या मसुद्यात ‘परस्पर चर्चेने ठरवावे’ एवढेच होते. किती दिवस आधी लेखी कळवायचे, मुलीचे पारपत्र कोणाकडे राहील आणि दरम्यान व्हिडिओ कॉलची वेळ कोणती, हे सांगणारे कलम शेवटी माझ्या वकिलांनी लिहून दिले आणि त्याचे शुल्क वेगळे पडले.