तोलेदोचं दमास्किनादो लॉकेट: दहा महिने घातल्यावर

माद्रिदहून तोलेदो रेल्वेने अर्ध्या तासावर. गेल्या ऑक्टोबरात तिथून दमास्किनादोच्या, म्हणजे काळ्या पोलादावर सोन्याची नक्षी असलेल्या, दोन वस्तू आणल्या: मशीनवर ठसा मारलेले कानातले 18 युरोंना आणि हाताने घडवलेलं रुपयाएवढं लॉकेट 85 युरोंना. दोन्हींवर नक्षी तीच, आठ टोकांची चांदणी आणि तिच्याभोवती एकमेकींत गुंतलेल्या पट्ट्या. दुकानात मला फारसा फरक दिसला नव्हता, किंमत मात्र टोचली होती.

आता दिसतो. कानातल्यांचा मुलामा तिसऱ्या महिन्यातच उडाला, चांदणीची दोन टोकं पुसली गेली. लॉकेटचं सोनं जसंच्या तसं आहे, कारण ते नुसतं वरून चढवलेलं नाही. कारागीर आधी पोलादावर आडव्यातिडव्या बारीक रेघा कोरतो, इतक्या दाट की पृष्ठभाग कानशीसारखा खरखरीत होतो. त्या खरखरीत 24 कॅरेट सोन्याची तार आणि पत्रा ठोकून रुतवतो. मग कॉस्टिक सोडा आणि सोऱ्याच्या तापलेल्या द्रावणात तुकडा बुडवतात. पोलाद काळं पडतं, सोनं पिवळंच राहतं. भिंग धरलं की एक पट्टी दुसरीखालून जाते तिथे तारेचं वळण किंचित हललेलं दिसतं. मला लॉकेटमधली सगळ्यात आवडती जागा तीच.

दमास्किनादो हे नाव दमास्कसवरून आलं. 1085 मध्ये तोलेदो मुस्लिम राजवटीकडून कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाकडे, सहाव्या आल्फोन्सोकडे गेलं, तरी मुस्लिम कारागिरांची भूमिती तिथल्या लाकडात, विटांत आणि धातूत टिकून राहिली. पुढे एकोणिसाव्या शतकात बास्क प्रांतातल्या एइबारच्या प्लासिदो सुलोआगाने हे काम फार वर नेलं. आपल्याकडची कोफ्तगरी, म्हणजे पोलादावर सोन्याची तार ठोकून केलेली नक्षी, हीही याच पद्धतीची, त्यामुळे मला ते परकं वाटलंच नाही.

तक्रार एकच, पण मोठी. विकणाऱ्याने "पाण्याची काळजी नको" असं सांगितलं होतं. जुलैत रत्नागिरीला गेले, पंधरा दिवस पावसात रोज घातलं, तर मागे कडीजवळ तांबूस ठिपका आला. शेवटी आत पोलादच! मऊ फडक्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब घेऊन पुसलं. गंज गेला, पण तिथला काळा रंग फिका झाला तो झालाच. आता अत्तर मारून झाल्यावरच घालते आणि काढलं की कोरडं पुसून डबीत ठेवते.

घेणार असाल तर 'एचो आ मानो', म्हणजे हातकाम, असं पावतीवर लिहून घ्या. आईलाही असंच हवंय. डिसेंबरात आणेन तेव्हा सोबत सिलिका जेलची पुडीही देणार आहे.