स्विफ्टला पंधराचे अॅलॉय: नऊ महिने आणि एक शंभर रुपयांची रिंग

शिरवळच्या पुढे पुढचं डावं चाक पंक्चर झालं नसतं, तर मी आजही बॅलन्सिंगवाल्यांना शिव्या घालत फिरत असतो.

गाडी 2019 ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल. रोज चिंचवड ते हिंजवडी, महिन्यातून एकदा साताऱ्याला घरी. दसऱ्याच्या सुमारास मूळचे 165/80 आर14 टायर (165 मिलिमीटर रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के, रिम 14 इंची) गुळगुळीत झाले होते. टायर बदलायचेच आहेत तर सोबत अॅलॉयही करून टाकू, असा विचार ज्या क्षणी डोक्यात येतो, त्या क्षणी पाकीट घरी ठेवून फिरायला जावं. मी नाना पेठेत गेलो.

दुकानात भिंतभर रिम टांगलेले. मी डिझाइन बघितलं, बायकोला फोटो पाठवले, रंग ठरला. पीसीडी 4x100, म्हणजे 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर चार नट, एवढं एकच मला माहीत होतं आणि तेवढंच मी विचारलं. चार रिम 21,500, त्यावर 195/60 आर15 चे चार टायर 19,200. जुने स्टील रिम टोप्यांसकट त्यानेच 3,500 ला ठेवून घेतले. म्हणजे निव्वळ 37,200 रुपये. हा आकडा घरात कुणाला माहीत नाही.

पहिला आठवडा मस्त गेला. गाडी खरंच अंगाने भरल्यासारखी दिसते. पार्किंगमधून निघताना मी मागे वळून बघायचो, ते अजूनही बघतो. खंबाटकी उतरताना वळणावर गाडी पूर्वीसारखी झुकत नाही, पावसात ब्रेक मारल्यावर विश्वास वाटतो. हे सगळं खरं आहे आणि पुढची तक्रार वाचताना ते विसरू नका.

तक्रार अशी, की ताशी 85 किलोमीटरच्या वर स्टिअरिंग थरथरायचं. फार नाही, पण हातातल्या घड्याळाचा पट्टा हलताना दिसावा इतकं. 95 ला सगळ्यात जास्त, 105 ला पुन्हा कमी. दुकानात परत गेलो, त्याने बॅलन्सिंग करून दिलं, म्हणजे मशीनवर चाक फिरवून त्याचं वजन सगळीकडून सारखं केलं. थरथर तशीच. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाला, "साहेब, आपल्याकडचे रोडच खराब आहेत." तिसऱ्यांदा मी दुसरीकडे पैसे देऊन बॅलन्सिंग केलं, चौथ्यांदा अलाइनमेंटसकट. दर वेळी मशीनवर दोन्ही बाजूंना शून्य येतं, पोरगं स्क्रीनकडे बोट दाखवतं, आणि सातारा रोडला लागलं की घड्याळाचा पट्टा नाचतो. मी टायर कंपनीला नावं ठेवून मोकळा झालो होतो.

मग जानेवारीत ते पंक्चर. गाडीत आई, बायको आणि दोन पोरं. जॅक लावला, नट काढायला गेलो तर अॅलॉयची भोकं इतकी अरुंद, की कंपनीचा पाना रंग खरवडतच आत गेला. चाक काढून झाडाला टेकवलं आणि सहज हबकडे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाकडे, बघितलं. हबच्या मधोमध जो गोल उंचवटा असतो तो साधारण चहाच्या बशीतल्या खोलगट भागाएवढा, आणि रिमच्या मधलं भोक त्याहून कितीतरी मोठं. सगळीकडून चांगलीच फट. इतके दिवस माझं चाक कशावर मधोमध बसलं होतं?

स्टेपनी जुनीच, 165/80 ची, स्टील रिमवर. ती पुढे लावून निघालो. साताऱ्यापर्यंत बायको दोनदा म्हणाली, आज गाडी गप्प आहे. एका बाजूला चौदाचं लोखंडी चाक, दुसऱ्या बाजूला पंधराचं अॅलॉय, तरी 90 ला स्टिअरिंगची थरथर निम्म्यावर. पंक्चर काढून अॅलॉय परत लावलं, थरथर परत आली.

ऑफिसमधल्या मित्राकडून माप घ्यायचा व्हर्नियर आणला. हब 54 मिलिमीटर, रिमचं भोक 73.1. रिमच्या मागे हे आधीपासून कोरलेलंच होतं: 15x7जे, ईटी38, 73.1 (15 इंची, 7 इंच रुंद, ऑफसेट म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून 38 मिलिमीटर बाहेर, आणि शेवटी मधलं भोक). मी वाचलंच नव्हतं. असले रिम आठ भोकांचे असतात, चार एका पीसीडीसाठी आणि चार दुसऱ्यासाठी, म्हणजे एकच माल पाच-सहा गाड्यांना खपतो. मधलं भोकही सगळ्यांत मोठ्या हबच्या हिशेबाने ठेवतात आणि लहान हबच्या गाडीला 73.1 बाहेर, 54.1 आत अशी एक रिंग घालायची असते. हब रिंग. दुकानदाराने ती दिली नाही, मी मागितली नाही.

ही रिंग गाडीचं वजन पेलत नाही, हे सांगून ठेवतो. वजन पेलते नटांची पकड. नटाचं तोंडही निमुळतं असतं, त्यामुळे चाक हवेत असताना हाताने, समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळले तर रिंगेशिवायही चाक बऱ्यापैकी मधोमध येतं. पण दुकानात तसं कुणी करत नाही. पोरगं पहिला नट एअर गनने टर्रर्र करून पूर्ण आवळतं आणि चाक जिथे असेल तिथेच अडकतं. बॅलन्सिंग मशीनवर चाक शंकूवर अगदी मधोमध बसतं म्हणून तिथे शून्य येतं, गाडीवर ते केसभर बाजूला बसतं. मशीन खोटं बोलत नव्हतं. सगळ्या बॅलन्सिंगवाल्यांची इथे माफी मागतो, रोड खराब म्हणणाऱ्याची सोडून.

दुकानात रिंग मागितली तर "मागवावी लागेल, सेटचे सोळाशे होतील." सदतीस हजार मी ज्या हाताने मोजले होते, तोच हात सोळाशेला खिशात जाईना. भोसरीत एका लेथवाल्या काकांकडे गेलो. नायलॉनच्या रॉडमधून चार रिंगा, शंभर रुपये एक. पहिली रिंग बाहेरून बरोबर 73 केली, ती रिममध्ये खुळखुळत होती. "दशांशाचं काय एवढं, दादा, बसतेय की," काका म्हणाले. मी रिम उचलून हलवून दाखवला. ते काही बोलले नाहीत, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, टूलला नवी धार लावली आणि पुढच्या चारही अशा केल्या, की अंगठ्याने दाबल्यावर टक् आवाज करून बसतात. तो टक् आवाज मी त्या दिवशी सात-आठ वेळा ऐकला. पहिल्या चुकलेल्या रिंगचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

त्यानंतर 95 ला घड्याळाचा पट्टा शांत. एवढ्यासाठी चार महिने.

इथपर्यंत मी रिंगेचा भक्त झालो होतो आणि दिसेल त्याला व्हॉट्सअॅपवर भोक मोजायला सांगत होतो. जूनमध्ये मत थोडं बदललं. पहिल्याच मोठ्या पावसात वाकडजवळ पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं उजवं चाक आपटलं आणि रिमची आतली कड वाकली. थरथर परत सुरू. तिथे रिंग काय करणार? याचं मूळ मी केलेल्या निवडीत होतं. 165/80 च्या टायरची भिंत 132 मिलिमीटर उंच असते, 195/60 ची 117. दीड सेंटीमीटर रबर मी शोभेसाठी देऊन टाकलं. त्यात रिम 7 इंच रुंद, जो 195/60 ला चालणाऱ्या रुंदीची वरची मर्यादा आहे. त्यामुळे टायरची भिंत ताणली जाते, रिमची कड उघडी पडते आणि फुटपाथला घासते. दोन चाकांवर ओरखडे आहेतच.

वरच्या मॉडेलला कंपनीच 185/65 आर15 देते, तो टायर मला हवा होता. पण तो 7 इंची रिमवर बसवायचा नसतो, तो साडेसहापर्यंतच. म्हणजे आधी रिम आवडला आणि मग त्या रिमने टायर ठरवला. कुणी माझ्यासारखं करणार असेल तर वरच्या मॉडेलवरून उतरवलेले कंपनीचेच जुने अॅलॉय शोधा. त्यांचं मधलं भोक आधीच 54.1 असतं, रिंगेची भानगडच नाही. दिसायला साधे असतात, हे मान्य.

एक रिकामटेकडा उद्योगही केला. बॅग मोजायच्या काट्याला चाकं टांगली. टायरसकट अॅलॉय 16.9 किलो, स्टीलची स्टेपनी 13.7. अॅलॉय हलका असतो असं म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवा. मायलेज शहरात लिटरला साधारण एक किलोमीटरने पडलं. मागे तिघं बसले आणि स्पीडब्रेकर जोरात गेला तर मागचा टायर आतल्या प्लास्टिकला घासतो, ऑफसेटमुळे चाक बाहेर आलंय त्याचा हा परिणाम. पावसाळ्यात चिखल थेट दारांवर उडतो. विम्यात अॅलॉय वेगळे नोंदवून घेतले, थोडे जास्त भरावे लागले, विषय संपला.

गेल्या आठवड्यात तो वाकलेला रिम सरळ करायला काढला, तर नायलॉनची रिंग भोकात इतकी घट्ट बसलेली, की निघेना. नायलॉन ओलावा पितं आणि फुगतं, हे काकांनी आधीच सांगितलं होतं, मी ऐकून सोडून दिलं होतं. रिम सरळ करणारा म्हणाला, हातोड्याने काढतो. मी म्हटलं, हात लावू नकोस, राहू दे तिथेच.

तरी खबरदारी म्हणून पाचवी रिंग करून घ्यायला भोसरीला गेलो. काकांनी नाव लक्षात ठेवलं नव्हतं, माप ठेवलं होतं. "त्र्याहत्तर पॉइंट एकवाले ना?" म्हणाले, आणि रॉड कापायच्या आधी विचारलं, ऑफिसात आणखी कुणाच्या गाडीला हवी असेल तर बघा, दहा एकदम घेतल्या तर सत्तरला लावतो. मी पार्किंगमध्ये अॅलॉयवाल्या गाड्या मोजून ठेवल्यात. सहा आहेत. चार जणांना अजून रिंग म्हणजे काय ते समजवायचंय.